नऊपैकी शून्य

३ मार्च, मंगळवार

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, दवाखान्याच्या सात नंबरच्या खोलीत, एका नर्सने मला एकटी ठरवलं. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवली. शाळेत पर्यवेक्षिका होते तेव्हाही माझी हीच पद्धत होती. आधी वेळ, मग गुन्हा, मग गुन्हेगार.

गेले होते गुडघ्यासाठी. सून गाडी लावायला जागा शोधत होती, म्हणून मी पुढे होऊन आत गेले. नर्स माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींच्या वयाची असेल. गळ्यात ओळखपत्र, ओळखपत्रावर हसरा फोटो आणि वर चेहऱ्यावर तेच हसू, जणू छापखान्यातून दोन प्रती काढल्या होत्या. तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि ठार बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत विचारलं, "आजी, तुम्हाला, दुभाषी, हवा का?"

दुभाषी! मला! आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर एक उच्चार चुकला तर अख्खा तास उभं करायच्या. या मुलीचं इंग्रजी ऐकून त्यांनी तिला फाटकाबाहेरच काढलं असतं. मी म्हणाले, "मला नको. तुम्हाला लागत असेल तर बोलवा."

तिला कळलं नाही. ती आणखी हसली. म्हणाली, साठीच्या पुढच्या सगळ्यांना आम्ही नऊ प्रश्न विचारतो, विचारू का?

आधी दुभाषी आणि लगेच नऊ प्रश्न. याचा अर्थ न कळायला मी दूधखुळी नाही. ही माझ्या इंग्रजीची परीक्षा होती. मी पाठ ताठ केली आणि उत्तरं दिली, पूर्ण वाक्यांत आणि सोदाहरण. "सोबतीची उणीव भासते का?" हो-नाही म्हणून काय सिद्ध होणार? मी सांगितलं, समजा, सकाळी सव्वाआठला घरातलं शेवटचं माणूस दार ओढून घेतं आणि संध्याकाळी सहाला पहिलं माणूस ते उघडतं, तर मधल्या वेळात घरात आवाज असतो तो फ्रिजचा. आणि फ्रिज मध्येच थांबला की त्याचीही उणीव भासते. इंग्रजीत हे वाक्य फार सुरेख झालं. तिने कागदावर खूण केली. "मनातलं बोलायला कोणी आहे का?" मी म्हणाले, होते. आता ते चौकटीत आहेत, आणि चौकट हॉलच्या रंगाशी जुळत नाही म्हणून सुनेने ती माझ्या खोलीत हलवली, त्यामुळे बोलणं निदान खासगी राहतं. तिने खूण केली आणि माझ्या हातावर हात ठेवला. परीक्षार्थीच्या अंगाला हात लावू नये एवढंही इथे शिकवत नाहीत.

शेवटचा प्रश्न होता, "आठवड्यात वाट बघावी असं काही असतं का?" मी म्हणाले, "हो. बुधवारी कचऱ्याची गाडी येते. तिचा ड्रायव्हर हात करतो."

तिने बेरीज केली. "नऊपैकी आठ, आजी."

"एक कुठे गेला?" मी विचारलं. तिने पेनाला टोपण लावलं. मी म्हणाले, "असो. आठही काही वाईट नाहीत."

तेवढ्यात सून आत आली. नर्सने तिला बाजूला नेऊन समजावलं. तेव्हा मला कळलं की इथे गुण जितके जास्त, तितकं माणूस एकटं. आणि तो एक गुण कचऱ्याच्या गाडीमुळे वाचला.

गुडघ्याकडे कोणी पाहिलंच नाही.

४ मार्च, बुधवार

मुलगा आज लवकर घरी आला. आजारपणालाही येत नाही इतका लवकर.

"आई, तू त्यांना फ्रिजचं सांगितलंस?"

"ते उदाहरण होतं."

"अगं, पण असं वाटतं की आम्ही तुला टाकून दिलंय! काय कमी आहे तुला इथे?"

मी सगळीकडे नजर फिरवली. खोली उबदार आहे. टीव्हीवर इतकी चॅनेल आहेत की मोजता मोजता डुलकी लागते. "काही कमी नाही," मी म्हणाले.

"मग हेच त्यांना सांगायचं ना!"

सून म्हणाली, "आई, त्या नर्सची मुलं माझ्याकडे दात दाखवायला येतात. मी तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघू?" सून दातांची डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगते आणि घरी आल्यावर कोणाचं उघडलेलं तिला सहन होत नाही.

तर मुलाने माझ्या वतीने सही करून टाकली आहे. इथे एक 'सोबत योजना' आहे. दर गुरुवारी अकरा ते बारा एक स्वयंसेवक घरी येणार आणि माझ्याशी बोलणार. दहा आठवड्यांनी पुन्हा तेच नऊ प्रश्न. माहितीपत्रकावर दोन म्हातारी माणसं कपात बघून हसत आहेत. मी भिंग लावून पाहिलं. कप रिकामे आहेत.

आयुष्यभर मी मुलींना गुण वाढवायला शिकवलं. आता मे महिन्यात शून्य मिळवायचं आहे. मिळवेन. या घरातून 'एकटी' म्हणून माझं नाव कुठल्याही सरकारी कपाटात पडून राहणार नाही.

१९ मार्च, गुरुवार

सोबत आली. देवा रे.

आपल्या भाषेचं माणूस पाठवू, असं त्यांनी मोठ्या कौतुकाने कळवलं होतं. पाठवलं ते हे: बुटकी, सत्तरीच्या आसपासची बाई, पायात पुरुषी बूट, खांद्याला दोन पिशव्या, आणि आवाज असा की पलीकडच्या घरातल्यांनाही सोबत झाली असेल. दारातच म्हणाली, "ताई, आत येऊ ना? नाही म्हणालात तरी येणार, सही झालीय!" आणि हसली. ते हसू म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. एक, दोन, तीन, आणि मग वाफ गेल्यासारखी फुस्स. नाव सांगितलं तिने, पण मी ते लक्षात ठेवायची तसदी घेतली नाही. कुकर पुरे आहे.

"मला ताई म्हणू नका," मी म्हणाले. "मला सगळे बाई म्हणतात."

"बाई तर मीपण आहे, ताई."

तिने नियम बोटांवर मोजून सांगितले. तुमच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही. आडनाव सांगायचं नाही, फोन नंबर द्यायचा नाही. ठरलेल्या तासाबाहेर भेटायचं नाही. "म्हणजे प्रेमप्रकरण नको म्हणून," ती म्हणाली. शिट्ट्या.

इथे तिने वर्षानुवर्षं कपडे अल्टर करायचं दुकान चालवलं. नवरा गेल्यावर बंद केलं. "या गावातल्या अर्ध्या माणसांची कंबर मला पाठ आहे. तुमच्या मुलाचीपण! दिवाळखोर कंपनीच्या कर्जासारखी वाढतच असते, फक्त बुडत नाही."

आमच्या घराण्यात मापं अशी चव्हाट्यावर काढत नाहीत, असं मी सुनावलं. बारा वाजता उठली तेव्हा माझं डोकं दुखत होतं. दुपारभर घर नेहमीपेक्षा जास्त शांत वाटलं. एवढ्या गोंगाटानंतर ते होणारच.

२६ मार्च, गुरुवार

कुकरने आज थर्मास आणला. मी म्हणाले, नियम आहे ना?

"नियम काय, मी तुमचं घ्यायचं नाही. तुम्ही माझं घ्यायचं नाही असं कुठे आहे? कप तेवढा द्या."

पळवाटा शोधणाऱ्या मुली मी हजार पाहिल्या. तरी कप दिला, कारण तिने झाकण आधीच उघडलं होतं. चहा इतका गोड की दातांच्या डॉक्टरच्या घरी तो पिणं हा उघड द्रोह. संपवला, कारण ओतून देणं असभ्यपणाचं दिसतं.

मग ती माझी खोली बघायला निघाली. 'खोलीत जायचं नाही' असा नियम नाही म्हणे. भिंतीवरच्या चौकटीसमोर उभी राहून म्हणाली, "साहेब देखणे होते हो."

"साहेब नव्हते. पोस्टात होते."

"चेहऱ्यावर कसं दिसतं बघा, की उत्तर द्यायचं आहे पण थांबलेत."

"आयुष्यभर थांबलेच," मी म्हणाले. ती हसली. मला हसायचं नव्हतं, म्हणून मी खिडकी उघडायला गेले.

२ एप्रिल, गुरुवार

दहा मिनिटं उशिरा. बसचं कारण. मी तिला स्पष्ट सांगितलं की शिस्त नसलेल्या माणसाची सोबत म्हणजे सोबतीचा अपमान. तिने विचारलं, "खिडकीत उभ्या होतात का?"

खिडकीत नव्हते. काच पुसत होते.

९ एप्रिल, गुरुवार

"ताई, या घरात मला गुदमरतं. चला बाहेर."

मी गुडघा दाखवला. ती म्हणाली, गुडघा इथेच ठेवून या. असल्या विनोदांना उत्तर नसतं, म्हणून मी स्वेटर घातला.

इथे येऊन मला तीन वर्षं झाली. मुलगा न्यायला आला तेव्हा भारतातलं घर तीन आठवड्यांत आवरलं. नात तेव्हा बारा वर्षांची होती, माझ्या कुशीत शिरून झोपायची. आता पंधराची आहे आणि कानात काहीतरी खुपसून जिन्यात माझ्याजवळून जाते, जणू मी जिन्याचा कठडा आहे. या तीन वर्षांत मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतच गेलेली आहे. पुढे जायचं तर गाडी लागते, गाडीला मुलगा लागतो, मुलाला रविवार लागतो आणि रविवारी त्याला झोप लागते.

बसमध्ये हे सगळं ऐकून कुकरने विचारलं, "शाळेत काय शिकवायचात हो?"

"भूगोल."

तिने माझ्याकडे पाहिलं, टपालपेटीच्या दिशेने पाहिलं, आणि इतक्या शिट्ट्या झाल्या की ड्रायव्हरने मान वर करून आरशात पाहिलं. मी तिच्याशी पुढच्या तीन थांब्यांपर्यंत बोलले नाही. खडूने एका हाताने खंड काढायचे मी, नकाशात न बघता, नद्यांसकट. त्या बाईला हे सांगून उपयोग नव्हता. पण सांगितलं.

"मग आता हे काढा," ती म्हणाली. "तुमचं घर. इथून उजवीकडे. मग बाक, मग तळं."

तळं म्हणजे काय, सिमेंटची मोठी परात. त्यात चार बदकं, तीही आळशी. बाकावर बसून तिने थर्मास उघडला. ऊन होतं. एवढंच.

घरी आल्यावर सहज एका पाठकोऱ्या कागदावर रस्ता काढून पाहिला. प्रमाण चुकलं. पुढच्या वेळी थांबे नीट मोजावे लागतील.

१६ एप्रिल, गुरुवार

तळं. बाक. गोड चहा.

कुकर आज जरा मंद शिजत होती. म्हणाली, "तुमच्या आधी माझ्याकडे एक आजोबा होते. जहाजावर इंजिनाचं काम केलेले. पत्ते खेळायचो. हरले की पत्ते फेकायचे, मग मीच खाली वाकून गोळा करायची. दीड वर्ष! मग त्यांचे गुण सुधारले. सातावरून दोनावर आले."

"मग?"

"मग काय. सुधारले ना." आणि ती बदकांकडे बघत राहिली.

दोन! एका इंजिनवाल्याला दोन! त्यावर एवढं कौतुक! मी म्हणाले, "एवढी आठवण येते तर भेटायला जावं त्यांना."

"जाता येत नाही, ताई."

गेले असतील बिचारे. मी खोलात शिरले नाही. इतकंच ठरवलं की इंजिनवाल्याला दोन, तर मला शून्य.

"आणि तुमचे किती?" मी विचारलं. "साठीच्या पुढच्या सगळ्यांना विचारतात ना?"

"मी म्हटलं ऑफिसातल्या बाईंना, मलापण विचारा. तर म्हणाल्या, तुम्ही स्वयंसेवक आहात, तुम्हाला कशाला?" एकच शिट्टी झाली आणि तीही अर्धवट.

२६ एप्रिल, रविवार

मुलाचे मित्र जेवायला. मला हॉलमध्ये मधोमध बसवलं, आणि मग सगळे स्वयंपाकघरात उभं राहून बोलले. एक बाई माझ्यापाशी आली, गुडघ्यात वाकली आणि म्हणाली, "आजी, करमतं का इथे?" मी म्हणाले, "तुम्ही आल्यापासून कमी." ती हसून निघून गेली. इथे काहीही बोललं तरी लोक हसून निघून जातात. असल्या ठिकाणी तिखट जीभ म्हणजे रिकाम्या वर्गात छडी.

मित्र गेल्यावर मुलगा म्हणाला, "बारा तारखेला परत ते प्रश्न आहेत. नीट सांग हं आई."

"मी कधी वाईट सांगितलं?"

"तसं नाही गं. आम्हाला बरं वाटेल."

५ मे, मंगळवार

नातीला पकडलं. पत्रकावर नऊ प्रश्न छापलेले आहेत. तिला म्हटलं, मला विचार, मी फक्त हो-नाही म्हणेन, कुठे अडखळले तर टोक.

तिने कानातलं काढलं. एकच कानातलं, पण काढलं. प्रश्न विचारत गेली, मी उत्तरं देत गेले. पाचव्या प्रश्नाला थांबली. "आजी, पण हे खरं नाहीये."

"परीक्षेत खरं नाही, बरोबर उत्तर द्यायचं असतं."

"हे आमची मिससुद्धा सांगत नाही."

"म्हणून तुमचे निकाल तसे लागतात."

मग ती पत्रक हातात घेऊन बसली आणि स्वतःशीच खुणा केल्यासारखं बोट फिरवलं. "मला पाच आले," ती म्हणाली. मी म्हणाले, तुझ्या वयाला हे लागू नाही. ती "हो, ना," म्हणाली आणि कानातलं परत घालून वर गेली. मुलांना कशातही भाग घ्यायचा असतो.

७ मे, गुरुवार

कुकरला तयारीबद्दल बोलले नाही. गुण सुधारले की तिला वाटू दे, तिच्या चहाने सुधारले.

निघताना म्हणाली, "पुढच्या वेळी पत्ते आणते. हरलात तर फेकायचे नाहीत."

"मी हरत नाही," मी म्हणाले.

१२ मे, मंगळवार

शून्य. नऊपैकी शून्य!

तीच नर्स, तीच सात नंबरची खोली, तेच हसू. सून या वेळी शेजारी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मी एका शब्दात उत्तरं दिली. उणीव भासते का? नाही. मनातलं बोलायला कोणी आहे का? आहे. घरात आपण नकोसे आहोत असं वाटतं का? सुनेची पर्स चुरगळल्याचा आवाज आला. नाही. टकाटक. शेवटचा प्रश्न, आठवड्यात वाट बघावी असं काही असतं का?

"हो," मी म्हणाले. "गुरुवार."

याची तयारी केलेली नव्हती, हे आपोआप आलं. बरोबर ठरलं.

नर्सने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, आठावरून शून्य, असं तिने पाहिलेलं नाही. अर्थातच पाहिलेलं नाही. सुनेने गाडीत बसल्या बसल्या मुलाला फोन केला, "झीरो! हो, झीरो!" संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला गेलो. मुलाने माझा फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मग तिघंही त्यावर आलेली उत्तरं वाचत बसले आणि मी जेवले.

गुरुवारी कुकरला सांगायचं आहे, इंजिनवाल्याचं नाव काढूनच.

१४ मे, गुरुवार

अकरा वाजले, कोणी नाही. बसचं कारण असणार. सव्वाअकरा. साडेअकरा. शिस्त नावाची गोष्ट नाही. मी स्वेटर घालून बसले होते, कारण घरात गारठा होता. दोन कप बाहेर होते, ते धुवायचे म्हणून काढले होते.

बारा वाजता स्वेटर काढला. आता पुढच्या गुरुवारी असं बोलेन की शिट्ट्या बंद पडतील.

१५ मे, शुक्रवार

योजनेच्या ऑफिसातून फोन. कोवळा आवाज, मिशी नुकती फुटल्यासारखा.

"अभिनंदन, आजी! तुमची सोबत यशस्वीपणे पूर्ण झाली."

"पूर्ण झाली म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला आता गरज उरली नाही."

"हे कोणी ठरवलं?"

"तुम्हीच ना! नऊपैकी शून्य. खूप लोक रांगेत आहेत आजी, आठवाले, नऊवाले. तुमच्या सोबतीणीला तिकडे दिलंय."

तिला फोन जोडून द्या, मी म्हणाले. नियमात बसत नाही. पत्ता? नियमात बसत नाही. निरोप? तो जरा विचारात पडला. म्हणाला, "निरोप बहुतेक देता येईल. या भागात तुमच्या भाषेच्या तिघीजणी आहेत. नाव सांगा त्यांचं."

मी फोन हातात धरून उभी राहिले.

"आजी? नाव माहीत नाही का?"

शाळेतल्या प्रत्येक मुलीचं नाव मला हजेरी न बघता येत असे, वडिलांच्या नावासकट. ही काही माझ्या वर्गात नव्हती. मी म्हणाले, "कुकरसारखं हसतात त्या," आणि तो कोवळा मुलगा हसला. मी फोन ठेवून दिला.

इंजिनवाले आजोबा गेलेले नाहीत, हे आता कळलं. ते फक्त सुधारले होते.

१६ मे, शनिवार

मुलाला सांगितलं. तो लॅपटॉपवरून डोळे न काढता म्हणाला, "पण बरंच झालं ना आई? तुला ती बाई आवडत नव्हतीच. दर गुरुवारी संध्याकाळी तू तासभर तिच्याबद्दलच बोलायचीस, ती कशी वागते, काय बोलते."

"तू ऐकत होतास?"

"म्हणजे... कानावर पडायचं."

सून म्हणाली, "आई, झीरो आलेत, आता ते बिघडवू नका."

२१ मे, गुरुवार

दहा चाळीसला घरातून निघाले. बस मिळाली. थांबे माझ्या नकाशाप्रमाणेच आले, फक्त वळण मी जरा पसरट काढलं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आज मैत्रीण कुठे?"

"ती माझी मैत्रीण नाही," मी म्हणाले. "योजनेची आहे."

बाकावर बसले. चार बदकांची सहा झाली आहेत. शिस्त तशीच. पलीकडच्या बाकावर एक म्हातारा आपल्याच पत्त्यांशी खेळत होता. तो इंजिनवाला असेल किंवा नसेल, म्हातारे सगळीकडेच पत्ते खेळतात. मी विचारायला उठले, अर्ध्या वाटेपर्यंत गेले, आणि मग काय म्हणून विचारायचं हे न सुचल्यामुळे बदकं बघायला आल्यासारखी उभी राहिले. त्याने मान वर केली, हसला, आणि पत्ते पिसायला लागला.

परत आले. मी गेले होते हे घरात कोणाला कळलं नाही. गेले तेव्हा घर रिकामं होतं, आले तेव्हाही. फ्रिज चालू होता.

२२ मे, शुक्रवार

आज पत्र टपालपेटीत टाकलं. त्याची मराठी नक्कल इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी 'असं काही आलंच नाही' म्हणायला नको. मूळ इंग्रजी आहे आणि दुभाषाची मदत घेतलेली नाही.

'सोबत योजनेचे प्रमुख यांस,

विषय: पुनर्तपासणी करून गुण वाढवून मिळण्याबाबत.

१२ मे रोजी आपल्या नर्सने मला नऊपैकी शून्य गुण दिले. ही तपासणी निष्काळजीपणाची आहे. मी परीक्षा मंडळात वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. एकच विद्यार्थिनी दहा आठवड्यांत आठावरून शून्यावर आली, प्रत्येक उत्तर एका शब्दात, न थांबता, आणि शेजारी घरचं माणूस बसलेलं; एवढं दिसल्यावर कोणताही नवशिका परीक्षक पेन खाली ठेवेल आणि विचारेल की ही पाठ करून आली आहे का. आपल्या नर्सने टाळ्या वाजवल्या.

गुण वाढवून द्या म्हणून अर्ज करणाऱ्यांचा मला आयुष्यभर तिटकारा आहे, तेव्हा हा अर्ज किती रास्त असेल याची आपण कल्पना करावी.

नवव्या प्रश्नाचं माझं उत्तर 'गुरुवार' असं होतं. सगळ्या पत्रिकेत खरं उत्तर तेवढं एकच, आणि ते होतं तोवरच खरं होतं. आपण गुरुवार काढून घेतलात, त्यामुळे तेही आता चूक आहे. कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हरही बदलला आहे. नवीन ड्रायव्हर हात करत नाही. तेव्हा मार्चमध्ये कापलेला एक गुणही मला देय आहे. माझ्या हिशेबाने नऊपैकी नऊ होतात. आपल्या रांगेत नऊवाले पुढे असतात, असं आपल्याच माणसाने मला फोनवर सांगितलं आहे.

दुसरी कोणी पाठवू नये. जी येत होती ती उशिरा येते, मोठ्याने हसते आणि चहात साखर फार घालते. हे तीनही दोष लिहून देते, म्हणजे माणूस ओळखायला आपल्याला अडचण पडणार नाही. तिचं नाव मला कळवू नये. ते मी तिलाच विचारणार आहे.

तसंच तिला ते नऊ प्रश्न विचारण्यात यावेत. ती साठीच्या पुढची आहे.

या पत्राचं लेखी उत्तर गुरुवार, २८ मे, सकाळी अकरा वाजण्याच्या आत मला मिळालं पाहिजे. टपालाने पाठवू नये, टपाल अकरानंतर येतं. त्या वेळी दारात जी येईल, तिच्याच हाती द्यावं.'